हाँगकाँगविषयक राष्ट्रीयत्व-निवेदने

हाँगकाँगविषयक राष्ट्रीयत्व-निवेदने : हाँगकाँगचा ताबा १ जुलै १९९७ रोजी ब्रिटनकडून चीनकडे गेला. या हस्तांतरानंतर तेथील रहिवाशांचे राष्ट्रीयत्व कोणते राहील, यासंबंधी उभय देशांच्या शासनांनी आपापल्या कायद्यांचा अर्थ ज्या दस्तऐवजांत अधिकृतपणे शब्दबद्ध केला, त्यांना ही सामान्य संज्ञा देता येईल. त्यांत १९ डिसेंबर १९८४ रोजी उभय शासनांनी एकमेकांना दिलेली दोन ज्ञापने आणि चीनच्या राष्ट्रीय लोककाँग्रेसच्या स्थायी समितीने १५ मे १९९६ रोजी संमत केलेले सहा कलमी स्पष्टीकरण हे प्रमुख होत. हे दस्तऐवज आकाराने अगदी लहान आहेत. तथापि लक्षावधी लोकांनी कोणते पारपत्र वापरावे, संकटकाळी कोणत्या देशाच्या दूताकडे धाव घ्यावी आणि हाँगकाँगबाहेर त्यांना कोठे राहता येईल, हे त्यांतील शब्दांवर अवलंबून राहिले. या शब्दांविषयी दोन्ही शासनांत जे मतैक्य झाले, ते अर्थासंबंधीचे मतैक्य नव्हते. दुसऱ्या पक्षाला जाहीरपणे नाकारावे लागणार नाहीत असे शब्द प्रत्येक पक्षाने निवडले, एवढाच त्याचा आशय होता. या निवेदनांचे यश आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही त्यातून उद्‌भवली.

पार्श्वभूमी : आपले राष्ट्रीय कोण हे ठरविण्याचा अधिकार ज्या त्या राज्याचा असतो, हे तत्त्व १९३० च्या हेग करारात नमूद करण्यात आले आहे. मात्र दोन राज्ये हा अधिकार भिन्न निकषांवर वापरू लागली, म्हणजे एकाच व्यक्तीला दोन राष्ट्रीयत्वे प्राप्त होतात किंवा एकही उरत नाही. हाँगकाँगमध्ये या दोन्ही गोष्टी घडून आल्या.

हाँगकाँग बेट नानकिंगच्या तहाने (१८४२) आणि कौलून द्वीपकल्पाचे दक्षिण टोक पीकिंगच्या कराराने (१८६०) ब्रिटनला कायमचे मिळाले. त्यांच्या उत्तरेकडील न्यू टेरिटोरीज हा विस्तृत भाग १ जुलै १८९८ पासून ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेण्यात आला. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार राजसत्तेच्या प्रदेशात जन्मलेली व्यक्ती, तिचे आईवडील कोणीही असोत, ब्रिटिश प्रजाजन ठरत असे. चीनचा पहिला राष्ट्रीयत्व कायदा छिंग राजवटीच्या अखेरीस १९०९ मध्ये झाला. तो मुख्यतः रक्तसंबंधाच्या तत्त्वावर आधारलेला होता आणि १९२९ च्या कायद्यातही तेच तत्त्व कायम राहिले. त्यामुळे हाँगकाँगमध्ये चिनी पित्याच्या पोटी जन्मलेले मूल ब्रिटनच्या दृष्टीने ब्रिटिश आणि चीनच्या दृष्टीने चिनी असे. १९४९ नंतरच्या साम्यवादी शासनाने यात आणखी एका भूमिकेची भर घातली. हाँगकाँगसंबंधीचे तिन्ही तह विषम व लादलेले असल्याने ते अमान्य आहेत आणि हा प्रदेश कधीच चीनबाहेर गेलेला नाही, अशी ती भूमिका होय. १९७२ मध्ये चीनच्या मागणीवरून संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतींच्या यादीतून हाँगकाँग व मकाऊ यांची नावे वगळण्यात आली.

आग्नेय आशियातील चिनी वसाहतकऱ्यांच्या बाबतीत चीनने पुढे द्विराष्ट्रीयत्वाचा त्याग केला. बांडुंग परिषदेच्या वेळी २२ एप्रिल १९५५ रोजी इंडोनेशियाशी झालेला करार हा त्याचा प्रारंभ होय. १० सप्टेंबर १९८० रोजी संमत झालेल्या चीनच्या राष्ट्रीयत्व कायद्यात एकूण १८ कलमे असून चिनी नागरिकाचे द्विराष्ट्रीयत्व मान्य केले जाणार नाही, असे त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे. परदेशात स्थायिक होऊन स्वेच्छेने परकीय राष्ट्रीयत्व स्वीकारणाऱ्याचे चिनी राष्ट्रीयत्व आपोआप संपुष्टात येते, असे नवव्या कलमात सांगितले आहे. येथे ‘परदेशात’ हा शब्द निर्णायक ठरतो. चीनच्या मते हाँगकाँग हा परदेश नव्हता. म्हणून तेथे राहून ब्रिटिश पारपत्र घेणाऱ्या चिनी माणसाला नववे कलम लागू होत नव्हते व तो चिनी नागरिकच राहत होता.

याच काळात ब्रिटनचा कायदा विरुद्ध दिशेने आकुंचित होत गेला. १९४८ च्या कायद्याने ‘युनायटेड किंग्डम व वसाहती यांचा नागरिक’ असा एकच दर्जा निर्माण केला होता. परंतु १९६२ व १९७१ च्या कायद्यांनी वसाहतींतील नागरिकांच्या ब्रिटनमधील प्रवेशावर निर्बंध आणले. १९८१ च्या कायद्याने (अंमल १ जानेवारी १९८३ पासून) त्या एका दर्जाचे तीन भाग केले : ब्रिटिश नागरिक, ब्रिटिश अंकित प्रदेशांचे नागरिक आणि ब्रिटिश सागरपार नागरिक. हाँगकाँगचे पंचवीस लाखांहून अधिक लोक दुसऱ्या वर्गात आले. या दर्जामुळे ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मिळत नसे. जिब्राल्टरच्या लोकांना याच कायद्याने, तर फॉकलंड बेटांतील लोकांना १९८३ च्या स्वतंत्र कायद्याने पूर्ण नागरिकत्वाची वाट मोकळी करून देण्यात आली. हाँगकाँगच्या बाबतीत तसे झाले नाही. ज्यांच्या भवितव्याविषयी पुढे वाटाघाटी व्हावयाच्या होत्या, त्यांच्या पदरी असलेला ब्रिटिश दर्जा अशा रीतीने वाटाघाटींपूर्वीच क्षीण झालेला होता.

वाटाघाटी आणि ज्ञापने : ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी सप्टेंबर १९८२ मध्ये बीजिंगला भेट दिली, तेव्हा हाँगकाँगच्या भवितव्याचा प्रश्न औपचारिकपणे पुढे आला. जुलै १९८३ ते सप्टेंबर १९८४ या काळात वाटाघाटींच्या २२ फेऱ्या झाल्या. हाँगकाँगच्या लोकांना त्यांत स्वतंत्र पक्ष म्हणून स्थान नव्हते. संयुक्त घोषणापत्राचा मसुदा २६ सप्टेंबर १९८४ रोजी तयार झाला. त्यावरील लोकमत अजमावण्यासाठी हाँगकाँगमध्ये एक खास कार्यालय उघडण्यात आले; मात्र मसुद्यात दुरुस्ती करण्यास वाव नाही, तो आहे तसा स्वीकारावा किंवा नाकारावा, हे ब्रिटिश शासनाने आधीच स्पष्ट केले होते. १९ डिसेंबर १९८४ रोजी थॅचर आणि चीनचे पंतप्रधान झाव ज्यांग यांनी घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. २७ मे १९८५ रोजी ते अंमलात आले.

घोषणापत्राच्या रचनेतच पुढील तोडग्याचा नमुना आढळतो. हाँगकाँगवरील सार्वभौमत्वाचा वापर आपण पुन्हा सुरू करीत आहोत, असे चीन पहिल्या परिच्छेदात घोषित करतो. हाँगकाँग आपण चीनला परत करीत आहोत, असे ब्रिटन दुसऱ्या परिच्छेदात घोषित करतो. पहिल्या विधानात सार्वभौमत्व चीनचेच होते असे गृहीत धरले आहे, तर दुसऱ्यात ब्रिटनने ते न्याय्यपणे धारण केले होते की नाही, याविषयी मौन पाळले आहे. एकाच घटनेची अशी दोन वर्णने शेजारी शेजारी ठेवली गेली आणि कोणाचे वर्णन बरोबर, हा वाद टाळला गेला.

राष्ट्रीयत्वाच्या बाबतीत मात्र एवढीही जवळीक शक्य झाली नाही. घोषणापत्राच्या पहिल्या परिशिष्टाचा चौदावा विभाग हाँगकाँगमधील निवासाधिकार आणि पारपत्रे यांविषयी आहे. तेथील ब्रिटिश राष्ट्रीयत्वधारकांचे पुढे काय होणार, हे त्यात सांगितलेले नाही. त्यासाठी स्वाक्षरीच्याच दिवशी दोन स्वतंत्र ज्ञापनांची देवाणघेवाण झाली. प्रत्येक ज्ञापनात संबंधित शासनाने स्वतःच्या कायद्याची स्थिती सांगितली. त्यांवर दोघांची संयुक्त स्वाक्षरी नाही.

ब्रिटनच्या ज्ञापनानुसार हाँगकाँगशी असलेल्या संबंधामुळे अंकित प्रदेशांचे नागरिक ठरलेल्या सर्वांचा तो दर्जा १ जुलै १९९७ पासून संपणार होता. तथापि त्यांना एक ‘योग्य दर्जा’ राखता येणार होता. त्यामुळे ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मिळणार नव्हता. पण ब्रिटिश शासनाने दिलेली पारपत्रे वापरता येणार होती. त्यासाठी हस्तांतरापूर्वी पारपत्र घेतलेले असणे आवश्यक होते. १९९७ च्या पूर्वार्धात जन्मलेल्या बालकांना त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मुदत होती. १ जुलै १९९७ नंतर जन्मलेल्या कोणालाही हा दर्जा मिळणार नव्हता. अशा पारपत्रधारकांना तिसऱ्या देशात ब्रिटनच्या वाणिज्यदूतांचे संरक्षण मागता येईल, असेही आश्वासन त्यात होते.

चीनच्या ज्ञापनात असे म्हटले होते की, हाँगकाँगमधील सर्व चिनी देशबांधव, त्यांच्याजवळ ब्रिटिश अंकित प्रदेशांच्या नागरिकाचे पारपत्र असो वा नसो, चिनी नागरिक आहेत. मात्र हाँगकाँगचा इतिहास व वस्तुस्थिती ध्यानात घेऊन, पूर्वी ‘ब्रिटिश अंकित प्रदेशांचे नागरिक’ म्हणविले जाणाऱ्या चिनी नागरिकांना इतर देशांत जाण्यासाठी ब्रिटिश शासनाने दिलेले प्रवासाचे दस्तऐवज वापरण्याची परवानगी देण्यात येईल. हाँगकाँगमध्ये व चीनच्या इतर भागांत त्यांना ब्रिटिश वाणिज्यदूतीय संरक्षण मिळणार नाही.

शब्दयोजना : दोन्ही ज्ञापने एकाच पुस्तिकेविषयी बोलतात, पण ब्रिटन तिला पारपत्र म्हणतो व चीन प्रवासाचा दस्तऐवज म्हणतो. पारपत्र हे राष्ट्रीयत्वाचे प्रमाण मानले जाते, तर प्रवासाचा दस्तऐवज ही केवळ सोय असते. चिनी ज्ञापनात ब्रिटिश दर्जाचे नाव अवतरणचिन्हांत आले असून त्यामागे ‘म्हणविले जाणारे’ असे विशेषण लावले आहे. म्हणजे तसे नाव होते एवढे मान्य केले आहे, तसा दर्जा होता हे नाही. ‘देशबांधव’ यासाठी वापरलेल्या चिनी शब्दाचा मूळ अर्थ सहोदर, एका उदरातून जन्मलेले, असा आहे. राष्ट्रीयत्व कायद्यात हा शब्द नाही. तो ज्ञापनात आल्याने कायदेशीर दर्जाला वंशाची कसोटी जोडली गेली. वाणिज्यदूतीय संरक्षणाबाबत मात्र दोन्ही ज्ञापने नेमकी एकमेकांत बसतात. ब्रिटनने फक्त तिसऱ्या देशांचा उल्लेख केला; चीनने फक्त स्वतःच्या भूमीचा. त्यामुळे एकाने दिलेले आश्वासन दुसऱ्याने नाकारले, असे कोठेही दिसत नाही.

या पद्धतीचा व्यावहारिक लाभ मोठा होता. दोघांपैकी एकाचा कायदा खोटा ठरवूनच एकमत साधायचे असते, तर घोषणापत्रच झाले नसते. परंतु ज्या गोष्टी चीनने ‘परवानगी’ म्हणून दिल्या, त्या हक्क म्हणून मागता येण्याजोग्या नव्हत्या. आणि ज्ञापने ही कराराची कलमे होत की केवळ धोरणांची निवेदने, हा प्रश्नही त्यामुळे उघडाच राहिला.

ब्रिटिश अंमलबजावणी : १९८५ च्या हाँगकाँग कायद्यान्वये १९८६ मध्ये एक आदेश काढण्यात आला आणि ज्ञापनातील ‘योग्य दर्जा’ला ‘ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)’ असे नाव मिळाले. १ जुलै १९८७ पासून तो अंमलात आला. नव्या नावातून ‘नागरिक’ हा शब्द गळाला आणि ‘राष्ट्रीय’ हा शब्द आला. हाँगकाँगचा तर त्यात उल्लेखच नव्हता. त्याच दिवसापासून हाँगकाँगच्या स्थानिक कायद्यात ‘निवासाधिकार’ ही संज्ञा दाखल झाली. पारपत्रधारकाला हाँगकाँगमध्ये निवासाधिकार असल्याचा त्याच्या कायम ओळखपत्रात उल्लेख आहे, अशी नोंद नव्या पारपत्रांत करण्यात येऊ लागली. कोणत्याही देशात परत जाण्याचा हक्क नसलेल्याचे पारपत्र परदेशांतील प्रवेशअधिकारी स्वीकारीत नाहीत, म्हणून ही एका ओळीची नोंद प्रवाशांच्या दृष्टीने फार महत्त्वाची होती.

हा दर्जा आपोआप मिळत नसून त्यासाठी अर्ज करावा लागे. देशीयकरणाने अंकित प्रदेशाचे नागरिकत्व मिळविण्यासाठी अर्ज करण्याची शेवटची तारीख ३१ मार्च १९९६ ही होती. त्या दिवशी हाँगकाँगमध्ये लांबच लांब रांगा लागल्या आणि एका दिवसात ५० हजारांहून अधिक अर्ज आले. ज्या दर्जाने ब्रिटनमध्ये राहता येत नव्हते व जो पुढील पिढीला देता येत नव्हता, त्यासाठीही लोकांनी एवढा आटापिटा केला, यावरून तत्कालीन अस्वस्थतेची कल्पना येते.

या अस्वस्थतेचे मूळ बीजिंगमधील जून १९८९ च्या घटनांत होते. तिएनआनमेन चौकातील आंदोलन लष्करी बळाने मोडून काढण्यात आल्यानंतर हाँगकाँगमधून स्थलांतराचा ओघ वाढला. प्रशासक, व्यावसायिक व तंत्रज्ञ यांनी हाँगकाँग सोडून जाऊ नये म्हणून ब्रिटनने १९९० च्या कायद्याने ५० हजार निवडक कुटुंबप्रमुखांना व त्यांच्या कुटुंबियांना, हाँगकाँगमध्ये राहूनच, पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व देण्याची योजना आखली. ही योजना १९८४ च्या देवाणघेवाणीशी विसंगत असल्याचा आक्षेप चीनने घेतला. ब्रिटनच्या मते ज्ञापनात केवळ अंकित प्रदेशांच्या नागरिकांच्या दर्जाविषयी विधान होते. इतर कोणाला पूर्ण नागरिकत्व द्यावयाचे नाही, असे ते कोठेही म्हणत नव्हते. एकाच मजकुरावर दोन परस्परविरोधी वाचने आधारता येतात, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

१९९६ चे स्पष्टीकरण : हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या (४ एप्रिल १९९०) तिसऱ्या परिशिष्टानुसार चीनचा राष्ट्रीयत्व कायदा १ जुलै १९९७ पासून हाँगकाँगला लागू होणार होता. तो आहे तसा लागू केला असता, तर परदेशी पारपत्र घेऊन परतलेल्या असंख्य हाँगकाँगवासीयांपुढे गंभीर प्रश्न उभे राहिले असते. म्हणून स्थायी समितीने १५ मे १९९६ रोजी या कायद्याच्या हाँगकाँगमधील अंमलबजावणीसंबंधी काही प्रश्नांचे स्पष्टीकरण संमत केले. चिनी राज्यघटनेनुसार कायद्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार या समितीस आहे. चिनी भाषेत ‘अर्थनिर्णय’ व ‘स्पष्टीकरण’ या दोहोंसाठी एकच शब्द असल्याने या दस्तऐवजाला केवळ माहितीपत्रकाचे नव्हे, तर कायद्याचे बळ प्राप्त झाले.

त्याच्या पहिल्या कलमानुसार चिनी वंशाचा आणि हाँगकाँगसह चिनी प्रदेशात जन्मलेला हाँगकाँगचा रहिवासी चिनी नागरिक ठरतो. कायद्यातील इतर अटी पुऱ्या करणाराही तसाच ठरतो. दुसऱ्या कलमात १९८४ च्या ज्ञापनाचा आशय पुन्हा आला असून त्यात ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज) पारपत्राचा समावेश करण्यात आला. तिसऱ्या कलमाने १९९० च्या योजनेखाली मिळालेले ब्रिटिश नागरिकत्व अमान्य ठरविले. चौथ्या कलमान्वये परदेशात निवासाधिकार असलेल्या हाँगकाँगच्या चिनी नागरिकांना त्या देशाचे दस्तऐवज प्रवासासाठी वापरण्याची मुभा मिळाली. परंतु चीनच्या भूमीवर त्या देशाचे वाणिज्यदूतीय संरक्षण मिळणार नव्हते. राष्ट्रीयत्व बदलले असल्यास वैध कागदपत्रे दाखवून तसे घोषित करता येईल, असे पाचव्या कलमात सांगितले. सहाव्या कलमाने हे काम हाँगकाँगच्या स्थलांतर विभागाकडे सोपविले.

यांतील चौथे व पाचवे कलम विशेष लक्षणीय आहे. चौथ्यात ‘परकीय राष्ट्रीयत्व’ असा शब्द न वापरता ‘परदेशातील निवासाधिकार’ असा वापरला आहे. ज्याच्याजवळ कॅनडाचे किंवा ऑस्ट्रेलियाचे पारपत्र आहे, त्याला द्विराष्ट्रीयत्व आहे असे म्हटले, तर राष्ट्रीयत्व कायद्याच्या तिसऱ्या कलमाशी विरोध येतो. त्याला परदेशात राहण्याची सोय आहे असे म्हटले, तर येत नाही. पाचव्या कलमाने नवव्या कलमातील ‘आपोआप’ या शब्दाची धार बोथट केली. परदेशी स्थायिक होऊन तेथील नागरिक झालेला माणूस कायद्याने त्याच क्षणी चिनी राष्ट्रीयत्व गमावतो. हाँगकाँगमध्ये मात्र तो स्वतः घोषणा करीपर्यंत त्याला चिनी नागरिकच समजले जाऊ लागले. अशा माणसाला हाँगकाँगमधील आपला निवासाधिकार व विशेष प्रशासकीय प्रदेशाचे पारपत्र गमवावे लागले नाही. कायद्यातील एकही शब्द न बदलता त्याचा परिणाम बदलण्याचे हे उत्तम उदाहरण होय. त्याची किंमतही ठरलेली होती : घोषणा न करणाऱ्याला अटकेसारख्या प्रसंगी हाँगकाँगमध्ये आपल्या दुसऱ्या देशाच्या दूताची मदत हक्काने मागता येत नव्हती.

भारतीय व इतर अल्पसंख्य : चिनी वंशाच्या लोकांना दोन राष्ट्रीयत्वे असण्याची अडचण होती, तर चिनीतर अल्पसंख्यांपुढे एकही नसण्याची होती. हाँगकाँगमधील भारतीय वस्ती वसाहतीइतकीच जुनी आहे. १८४१ मध्ये बेट ताब्यात घेणाऱ्या ब्रिटिश फौजेबरोबर हिंदी शिपाई होते. त्यांच्यामागून पारशी, बोहरी व सिंधी व्यापारी आणि शीख पोलीस आले. मुंबईहून गेलेले पारशी व्यापारी होर्मसजी नवरोजजी मोदी यांच्या देणगीतून हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली. या वस्तीतील पुढच्या पिढ्या हाँगकाँगमध्येच जन्मल्या. त्यांच्यापैकी अनेकांचे भारतीय किंवा पाकिस्तानी नागरिकत्व एकतर कधी नोंदविले गेले नव्हते किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याने संपुष्टात आले होते. ते चिनी वंशाचे नसल्याने ‘देशबांधव’ या शब्दात बसत नव्हते. हाँगकाँगमधील निवासाधिकार त्यांना घोषणापत्राने दिला होता. पण विशेष प्रशासकीय प्रदेशाचे पारपत्र केवळ चिनी नागरिकांसाठी होते.

ब्रिटनने १९८६ च्या आदेशात त्यांच्यासाठी तरतूद केली होती. नवा दर्जा न मिळाल्यास जे राष्ट्रहीन होतील, ते ब्रिटिश सागरपार नागरिक ठरतील, असे त्यात म्हटले होते. पण या दर्जालाही कोठे राहण्याचा हक्क जोडलेला नव्हता. अल्पसंख्यांच्या संघटनांनी, हाँगकाँगच्या विधिपरिषदेने व ब्रिटिश संसदेतील अनेक सदस्यांनी पूर्ण नागरिकत्वाची मागणी सातत्याने केली. प्रारंभी शासनाने, हाँगकाँगमधून निघून जाण्याची पाळी आल्यास त्यांच्या प्रवेशाचा सहानुभूतीने विचार केला जाईल, अशा स्वरूपाची आश्वासने दिली. अखेर फेब्रुवारी १९९७ मध्ये ही भूमिका बदलली आणि १९ मार्च १९९७ रोजी संमत झालेल्या कायद्याने, ज्यांना दुसरे कोणतेही राष्ट्रीयत्व नव्हते व जे ४ फेब्रुवारी १९९७ रोजी हाँगकाँगमध्ये राहत होते, त्यांना ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क मिळाला. हस्तांतरास तेव्हा साडेतीन महिनेही उरले नव्हते. संख्येने हे लोक काही हजारच होते. उभय शासनांनी जुळविलेल्या शब्दांत त्यांना जागा नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी एका शासनाला स्वतंत्र कायदाच करावा लागला.

मकाऊ व गोवा यांच्याशी तुलना : मकाऊबाबत पोर्तुगाल व चीन यांनी १३ एप्रिल १९८७ च्या संयुक्त घोषणापत्राबरोबर अशीच ज्ञापने एकमेकांना दिली आणि २९ डिसेंबर १९९८ रोजी स्थायी समितीने मकाऊसाठी वेगळे स्पष्टीकरण संमत केले. चिनी व पोर्तुगीज असा मिश्र वंश असलेल्या रहिवाशांना दोहोंपैकी एक राष्ट्रीयत्व निवडण्याची मुभा त्यात देण्यात आली. हाँगकाँगच्या स्पष्टीकरणात अशी निवड नाही. शिवाय मकाऊतील पोर्तुगीज नागरिकत्व हे पूर्ण नागरिकत्व होते, ब्रिटनप्रमाणे त्याचे निवासाधिकारासह व निवासाधिकाराविना असे भाग पाडलेले नव्हते.

पोर्तुगालच्याच अंमलाखाली असलेल्या गोवा, दमण व दीव या प्रदेशांत वेगळी पद्धत अवलंबिली गेली. भारत शासनाने २८ मार्च १९६२ रोजी काढलेल्या नागरिकत्व आदेशानुसार, जी व्यक्ती स्वतः किंवा जिचे आईवडील वा आजीआजोबा यांपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले होते, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारताची नागरिक झाली. ज्यांना पूर्वीचे राष्ट्रीयत्व ठेवावयाचे असेल, त्यांनी एका महिन्यात तसे लेखी कळवावयाचे होते. हा आदेश एकतर्फी होता. कारण त्या वेळी पोर्तुगाल भारताचे सार्वभौमत्वच मानीत नव्हता. ते त्याने ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने मान्य केले. मात्र भारतीय आदेशात वंशाची कसोटी नव्हती, जन्माची होती आणि निवडीची मुदत अल्प असली, तरी ती निवड व्यक्तीच्या हाती होती. पोर्तुगालने जुन्या अंमलात जन्मलेल्यांचा पोर्तुगीज राष्ट्रीयत्वावरील दावा पुढेही मान्य केल्याने, लिस्बनमधील जन्मनोंदणीने भारतीय नागरिकत्व संपते की काय, हा प्रश्न गोव्यात अनेक वर्षे वादाचा विषय झाला. एकाच व्यक्तीविषयी दोन कायद्यांनी दोन उत्तरे द्यावीत, ही हाँगकाँगमधील अडचण गोव्यातही अशा रीतीने वेगळ्या स्वरूपात दिसून आली.

उत्तरकाळ : हस्तांतरानंतर सुमारे दोन दशके ही व्यवस्था फारशी खळखळ न होता चालली. ब्रिटनने २००२ व २००९ च्या कायद्यांनी, अन्य राष्ट्रीयत्व नसलेल्या ब्रिटिश दर्जाधारकांना पूर्ण नागरिकत्वाची सोय टप्प्याटप्प्याने केली. ब्रिटनचे माजी महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांच्या २००८ च्या नागरिकत्वविषयक अहवालात, ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज) धारकांना पूर्ण नागरिकत्व देणे हे चीनशी झालेल्या संकेतांचा भंग ठरेल, असा अभिप्राय आला होता. तसे करण्यास कायद्याने प्रत्यवाय आहे असे आपले मत नसल्याचे त्यांनी २०२० मध्ये स्पष्ट केले. ज्या ज्ञापनांवर हे सारे अवलंबून होते, त्यांचे बंधनकारक स्वरूप किती, याविषयी खुद्द ब्रिटनमध्येही एकवाक्यता नव्हती, हे यावरून दिसते.

३० जून २०२० रोजी हाँगकाँगसाठी राष्ट्रीय सुरक्षा कायदा जारी झाल्यानंतर ब्रिटनने या दर्जाच्या लोकांना आपल्या देशात राहण्याची, नोकरी करण्याची व कालांतराने नागरिकत्व मिळविण्याची वाट खुली केली. ३१ जानेवारी २०२१ पासून ही योजना अंमलात आली. त्याच दिवसापासून ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज) पारपत्र हे प्रवासाचा दस्तऐवज किंवा ओळखीचा पुरावा म्हणून मानले जाणार नाही, असे चीनने जाहीर केले. ब्रिटनने आपल्या ज्ञापनातील अभिवचन मोडल्याचा चीनचा आरोप होता; तर दर्जाच्या स्वरूपात काही बदल केला नसून केवळ प्रवेशाचे नियम बदलले आहेत, असे ब्रिटनचे म्हणणे होते. १९८४ मध्ये ‘परवानगी’ या शब्दात दिलेली सवलत ३६ वर्षांनंतर त्याच शब्दाच्या आधारे काढून घेण्यात आली.

मूल्यमापन : या निवेदनांनी एका कठीण सार्वभौमत्व-बदलाच्या काळात लक्षावधी लोकांचा प्रवास, व्यापार व कौटुंबिक व्यवहार खंडित होऊ दिला नाही, हे त्यांचे निर्विवाद श्रेय आहे. परस्परविरोधी कायदे असलेल्या दोन राज्यांनी एकमेकांना खोटे न पाडता एकाच दस्तऐवजाचा वापर चालू ठेवणे, हे राजनयाच्या दृष्टीने कौशल्याचे काम होते. मात्र या कौशल्याचा भर शासनांमधील विसंवाद टाळण्यावर होता. ज्या व्यक्तींविषयी ही विधाने होती, त्यांना त्यांतून न्यायालयात बजावता येईल असा हक्क क्वचितच मिळाला. निवडीचा अधिकारही चिनी वंशाच्या रहिवाशाला मिळाला नाही. आपण कोण हे त्याला दोन शासनांनी निरनिराळ्या शब्दांत सांगितले. ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज) हा दर्जा १ जुलै १९९७ नंतर जन्मलेल्या कोणालाही मिळत नसल्याने त्याच्या धारकांची संख्या कालांतराने घटत जाऊन तो नामशेष होणार, हे ठरलेलेच आहे. चिनी स्पष्टीकरणाचे तसे नाही. परदेशी पारपत्र बाळगणाऱ्या हाँगकाँगवासीयाला त्या देशाच्या दूताची भेट मिळावी की नाही, हा प्रश्न उद्‌भवतो तेव्हा आजही १९९६ च्या सहा कलमांकडेच वळावे लागते.